नवी छोटी तबकडी जुन्या तबकड्यांची जागा घेईल का?

सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनीडिस्कचे उत्पादन बंद केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दुकानांत ‘टायनी व्हिनाईल’ नावाची चार इंची रेकॉर्ड विक्रीला आली. तिच्या प्रत्येक बाजूवर सुमारे चार मिनिटांचे संगीत, म्हणजे जेमतेम एक गाणे मावते. संगीताची एक छोटी तबकडी गेली आणि दुसरी आली, एवढाच या दोन बातम्यांचा आशय. परंतु अशी सुटसुटीत, खिशात राहणारी तबकडी निघाली की ती आता जुन्या सगळ्यांना हटवणार का, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे अधूनमधून विचारला जात आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात अहिराणी गाण्यांच्या कॅसेट, त्यांच्या शेजारी लग्नाच्या व्हीसीडी आणि कुठल्यातरी डब्यात दोन-चार मेमरी कार्डे पडून आहेत, त्या घरांना हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. माध्यम बदलले की नवे यंत्र घ्यावे लागते आणि जुन्यातले काही ना काही कायमचे मागे राहते, हे त्यांनी अनुभवले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. ही नवी तबकडी कोणाचीही जागा घेणार नाही; आणि तसे म्हणताना मी तिच्या आवाजाकडे किंवा आकाराकडे फारसे पाहत नाही. तिच्यात गाणी कोण भरू शकतो आणि ती वाजवण्याची सोय किती घरांत आधीपासून आहे, या दोन गोष्टी मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात. असे का, हे समजून घेण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

फॉरमॅट म्हणजे काय?

संगीताच्या बाबतीत ‘फॉरमॅट’ हा शब्द आपण तबकडी किंवा कॅसेट या वस्तूसाठी वापरतो, परंतु प्रत्यक्षात तो एक करार असतो. तबकडीचा व्यास किती, ती किती वेगाने फिरणार, तिच्यावरील खुणांचा अर्थ कसा लावायचा आणि त्या वाचणाऱ्या यंत्राने कोणते नियम पाळायचे, हे सर्व त्या करारात ठरलेले असते. तबकडी बनवणारा कारखाना, यंत्र बनवणारी कंपनी, गाण्यांचे हक्क बाळगणारी कंपनी, दुकानदार आणि अखेरीस ऐकणारा, एवढ्या सर्वांनी तो मान्य केला तरच तो चालतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. केळीच्या बागेत सोळा मिलिमीटरच्या नळ्यांचे ठिबक अंथरलेले असताना कोणी अधिक टिकाऊ, परंतु निराळ्या मापाची नळी आणून दिली, तर तो आधी विचारतो की तिचे जॉइनर, ग्रोमेट आणि शेवटची टोपी तालुक्याच्या दुकानात मिळते का. नळी कितीही उत्तम असली तरी एका जोडासाठी ऐन उन्हाळ्यात जळगावला खेप मारावी लागणार असेल, तर ती नळी त्याच्या कामाची नाही. संगीताच्या नव्या फॉरमॅटला ग्राहक नकळत हाच प्रश्न विचारत असतो.

गाणे तबकडीवर बसते कसे?

जुन्या रेकॉर्डवर एक अखंड खाच कोरलेली असते आणि आवाजामुळे हवा जशी कंप पावते तशीच ती खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते. सुई तिच्यातून फिरताना तेच कंप पुन्हा निर्माण होतात. कॅसेटमध्ये खाचेऐवजी फितीवरील चुंबकीय लेप हे काम करतो.

सीडीची पद्धत मात्र अगदी निराळी आहे. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून तयार केलेली आणि १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आलेली ही तबकडी आवाजाची नक्कल करत नाही, ती त्याची मापे साठवते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि वीस हजार कंपने न चुकता पकडायची तर त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे घ्यावी लागतात. म्हणून सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते, प्रत्येक माप सोळा अंकी द्विमान संख्येत लिहिले जाते आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी हे काम स्वतंत्रपणे होते. गुणाकार केला तर एका सेकंदाला चौदा लाखांहून अधिक शून्ये आणि एक होतात. एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे दहा एमबी जागा लागते. हे अंक बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने लिहिलेले असतात. त्यांच्या ओळी इतक्या दाट असतात की एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा सहाशेहून अधिक ओळी मावतात.

आता कोणाला ही तबकडी लहान करायची असेल, तर भूमिती आडवी येते. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ निम्मे न राहता चौथा हिस्सा उरते, आणि चौऱ्याहत्तर मिनिटांच्या जागी वीस मिनिटेही मावत नाहीत. यातून सुटण्याचे दोनच मार्ग आहेत: खळगे आणखी बारीक करणे, किंवा लिहायची माहितीच कमी करणे. दुसऱ्या मार्गाला संक्षेपण म्हणतात. लग्नाच्या वरातीत मोठ्या ढोलावर टिपरू पडते त्या क्षणी शेजारच्या क्लॅरिओनेटचा हळू सूर वाजत असूनही आपल्याला ऐकू येत नाही. असे झाकले गेलेले आवाज गणिताने शोधून वगळायचे आणि उरलेले तेवढे लिहायचे, असा हा प्रकार आहे. पुढे घराघरांत पोहोचलेली एमपी३ ही पद्धतही याच तत्त्वावर चालते.

मिनीडिस्क: खान्देशाला सर्वांत शोभली असती अशी तबकडी

सोनीने १९९२ मध्ये आणलेली मिनीडिस्क हे या दुसऱ्या मार्गाचे सर्वांत देखणे उदाहरण आहे. तिचा व्यास फक्त चौसष्ट मिलिमीटर होता आणि ती प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत कायमची बंद असे. डबीची सरकती खिडकी यंत्रात गेल्यावरच उघडत असल्यामुळे तबकडीला बोट लागत नसे आणि धूळही बसत नसे. संक्षेपणामुळे गाण्याची माहिती मूळ सीडीच्या सुमारे एक पंचमांश होत असल्याने एवढ्या लहान जागेतही पूर्ण चौऱ्याहत्तर मिनिटे मावत.

तिच्यावर लिहिण्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. लेसरचा किरण तबकडीवरील एक सूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. त्या तापमानाला तेथील धातूच्या थराची चुंबकीय दिशा सैल होते आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचे चुंबक तिला हवी ती दिशा देते. ठिपका निवला की ती दिशा पक्की होते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला तरी या लेखनाला धक्का लागण्याचे कारण नव्हते आणि नुसत्या चुंबकानेही ते पुसले जात नसे. शिवाय हे यंत्र पुढचे काही सेकंदांचे संगीत आधीच वाचून स्मृतीत ठेवत असल्यामुळे धक्का बसला तरी गाणे तुटत नसे. सीडी खड्ड्यात अडखळते आणि कॅसेटची फीत गुंतते, हे ज्यांनी एरंडोल-धरणगावच्या रस्त्यांवर सोसले आहे, त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको.

धूळ, उन्हाळा आणि खडबडीत रस्ते या तिन्ही कसोट्यांना उतरणारी ही तबकडी तांत्रिकदृष्ट्या आपल्या भागासाठीच बनवल्यासारखी होती. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी हातातही घेतली नाही. जपानमध्ये ती भरपूर चालली, इतरत्र ध्वनिमुद्रण करणाऱ्या पत्रकारांत आणि रेडिओ केंद्रांच्या वर्तुळात तिला मान मिळाला, परंतु सर्वसामान्य ग्राहकाने तिला घरात घेतले नाही. सोनीने २०१३ मध्ये तिची यंत्रे बनवणे थांबवले आणि अखेर २०२५ मध्ये कोऱ्या तबकड्याही.

मग ती मागे का पडली?

पहिले कारण किमतीचे होते आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही: यंत्र महाग, कोरी तबकडीही कॅसेटच्या तुलनेत महाग. दुसरे कारण गाण्यांच्या तुटवड्याचे होते. भरलेल्या मिनीडिस्क फार थोड्या गाण्यांच्या निघाल्या, आणि जी गाणी निघाली त्यांत आपल्या भाषांतली जवळजवळ नव्हतीच. तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. मिनीडिस्कवर सीडीवरून नक्कल करता येत असे, परंतु त्या नकलेवरून पुन्हा तशीच अंकी नक्कल करण्याला यंत्रातच आडकाठी घातलेली होती. पहिली प्रत घ्या, दुसरी नको, असा तो नियम होता. गाण्यांच्या हक्कदारांच्या दृष्टीने त्यात न्याय होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे माध्यम हातोहात पसरल्याशिवाय रुजत नाही, त्याच्या पायात जन्मतःच बेडी घातल्यासारखे ते झाले.

त्याच १९९२ मध्ये फिलिप्स आणि मात्सुशिता यांनी डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट नावाचा प्रतिस्पर्धी बाजारात उतरवला. दोन नवे करार एकाच वेळी समोर आले की शहाणा ग्राहक थांबतो, आणि तो थांबला की दोघांचेही नुकसान होते.

जुने साहित्य नव्या यंत्रात चालले तर प्रश्न सुटत नाही का?

ही शंका रास्त आहे, कारण माणसाला आपला जुना संग्रह टाकवत नाही. त्या डिजिटल कॅसेटच्या यंत्रात जुन्या साध्या कॅसेटही वाजत असत. कंपनीचा सारा भरवसा याच सोयीवर होता. तरीही तो फॉरमॅट १९९६ मध्ये गुंडाळावा लागला. जुनी कॅसेट वाजवण्यासाठी लोकांकडे जुने यंत्र होतेच, आणि नव्या यंत्राने त्याशिवाय काय दिले, तर पुन्हा फीतच. गाणे शोधण्यासाठी ती पुढे-मागे पळवत बसणे चुकले नाही. सीडीवर मात्र एक बटण दाबले की सातवे गाणे सुरू होते. माझ्या मते सीडी जिंकली ती आवाजाच्या स्वच्छतेइतकीच या बटणामुळे.

आवाज अधिक चांगला असेल तर लोक वळणार नाहीत का?

हे प्रत्यक्षात करून झाले आहे. सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आणि डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये आली. दोन्हींत सीडीच्या कितीतरी पट अधिक माहिती साठवली जात असे. डीव्हीडी-ऑडिओमध्ये तर सेकंदाला १,९२,००० मापांपर्यंत मजल जात होती. परंतु वीस हजार कंपनांच्या वरचे मानवी कानाला ऐकूच येत नाही, हे आपण वर पाहिले. शांत खोलीत, महागड्या स्पीकरसमोर बसून सराव असलेला श्रोता काही फरक सांगू शकेल किंवा नाही, यावर आजही वाद चालतात. बसमध्ये, शेतात किंवा स्वयंपाकघरात मात्र तो वादही उद्भवत नाही. दोन्ही फॉरमॅट हौशी मंडळींच्या कपाटात जाऊन बसले आणि साध्या सीडीचे त्यांनी काही बिघडवले नाही.

उलट त्याच काळात जगाने जो प्रकार उचलून धरला, तो आवाजात सीडीपेक्षा उणा होता. एमपी३ गाणे बहुधा सीडीच्या माहितीच्या दहाव्या-अकराव्या हिश्श्यात बसवले जाई. लोकांनी आवाजातली थोडी घट पत्करली आणि त्या बदल्यात एकाच सीडीवर दीडशे गाणी मिळवली. हा सौदा त्यांना कोणी शिकवला नव्हता.

कुलूप लावलेली सव्वा इंची तबकडी

छोट्या तबकडीच्या इतिहासात सर्वांत बोलके प्रकरण डेटाप्लेचे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील या कंपनीने २००१ च्या आरंभी बत्तीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाची तबकडी दाखवली. तिच्यात पाचशे एमबी मावत आणि संक्षेपण केलेली कित्येक तासांची गाणी तिच्यावर बसत. त्या वेळी मेमरी कार्डे महाग आणि अगदीच थोड्या जागेची असल्यामुळे ही तबकडी चमत्कारच वाटली; प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळाले, मोठ्या संगीत कंपन्यांनी पाठिंबा दिला, आणि आता सीडीचे दिवस भरले, असे लिहिले गेले.

संगीत कंपन्यांना ती आवडली, त्यामागे डिजिटल कुलूप होते. डिजिटल कुलूप म्हणजे गाणे तुमच्या हातात असले तरी ते कुठे, किती वेळा आणि कशावर वाजवायचे, हे विकणाऱ्याने ठरवण्याची तांत्रिक व्यवस्था. डेटाप्लेच्या तबकडीवर विकत घेतलेल्या गाण्यांच्या जोडीला आणखी काही गाणी बंदिस्त ठेवता येत आणि वेगळे पैसे भरून किल्ली मिळवली की ती उघडत. तबकडीवर एकदा लिहिले की पुसता येत नसे. विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर यात काहीच कमी नव्हते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर जी सीडी तो मनाला येईल तशी वाजवत आणि उतरवून घेत होता, तिच्या जागी त्याला अधिक पैसे देऊन कमी मोकळीक मिळत होती. तबकड्या २००२ मध्ये दुकानांत आल्या आणि त्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला. पाच जीबीच्या हार्डडिस्कवर हजार गाणी ठेवणारा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्येच येऊन गेला होता. त्यात तबकडी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. गाणी बदलायची, तबकडी तीच.

खान्देशात प्रत्यक्षात कोणी कोणाची जागा घेतली?

येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण परदेशांतील इतिहास आपल्याकडे जसाच्या तसा घडला नाही. भारतात १९८० च्या दशकात संगीताचा बाजार उलटापालटा केला तो कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेल्या या कॅसेटचे हक्क इतर कंपन्यांना शुल्क न घेता वापरू दिले होते, त्यामुळे ती कोणीही बनवू शकत असे. रेकॉर्डचा कारखाना काढायला मोठे भांडवल लागे आणि म्हणून देशातले ध्वनिमुद्रण मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. कॅसेटच्या प्रती काढायला मात्र एक खोली आणि काही यंत्रे पुरत. मुंबई-कोलकात्याच्या कंपन्यांना ज्या गाण्यांत नफा दिसला नसता, ती यामुळे विक्रीला येऊ शकली. अहिराणी लग्नगीते, श्रावणातील कानबाईची गाणी, तमाशातील वग, कीर्तने आणि भारुडे ही सर्व कॅसेटवर आली ती या स्वस्ताईमुळे. बसस्थानकाजवळच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, हा व्यवहार चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत सगळीकडे ओळखीचा होता.

त्यामुळे सीडीने आपल्याकडे कॅसेटची जागा सहजासहजी घेतली नाही. जगात ती १९८२ मध्ये आली असली, तरी ग्रामीण भागात कॅसेटची सद्दी पुढे वीसेक वर्षे टिकली. ती संपवली तेव्हाही गाण्यांच्या अस्सल सीडीने संपवली नाही. ते काम व्हीसीडीने आणि एमपी३ भरलेल्या सीडीने केले. व्हीसीडीचे चित्र ओबडधोबड होते, डीव्हीडीच्या पासंगालाही पुरत नव्हते. परंतु यंत्र स्वस्त होते, घरच्या संगणकावर तिच्या प्रती निघत होत्या आणि लग्नाच्या चित्रीकरणापासून मालेगावच्या हौशी कलाकारांनी केलेल्या विनोदी चित्रपटांपर्यंत सगळे तिच्यात मावत होते. अहिराणी गाण्याला चित्र मिळाले ते येथे.

नंतर भ्रमणध्वनी आले आणि त्यांच्यात नखाएवढे मेमरी कार्ड बसू लागले. दुकान तेच, गल्ल्यावरचा माणूसही पुष्कळदा तोच. फक्त कॅसेट भरून देण्याऐवजी तो संगणकाला कार्ड जोडून गाणी भरून देऊ लागला. या धंद्याचा मोठा भाग बेकायदा होता आणि त्यात स्थानिक गायक-वादकांचे पैसे बुडाले, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या गाण्यावर गावोगाव वराती नाचल्या त्याला त्यातून छदामही मिळाला नाही, अशी स्थिती होती. तरीही कोणते माध्यम रुजले, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यावर गाणी भरून घेण्याचे कारणच उरले नाही, आणि आज अहिराणी गाणी प्रसिद्ध होतात ती थेट यूट्यूबवर.

कॅसेट, व्हीसीडी, मेमरी कार्ड आणि आता यूट्यूब या चारही माध्यमांत काही टाकण्यासाठी अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या माणसाला दूरच्या कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. मिनीडिस्क, डेटाप्ले आणि सुपर ऑडिओ सीडी येथवर पोहोचल्या नाहीत, कारण त्यांच्यात आपले गाणे घालून ते हातोहात पसरवण्याची वाट आपल्यासाठी कधी खुलीच नव्हती.

संगीत कंपन्यांनीच मेमरी कार्ड विकले असते तर?

त्यांनी तेही केले. सॅनडिस्क कंपनीने २००८ मध्ये मोठ्या चार संगीत कंपन्यांना सोबत घेऊन ‘स्लॉटम्युझिक’ या नावाने गाणी भरलेली मेमरी कार्डे अमेरिकेत विकायला काढली. एक जीबीचे कार्ड, चांगल्या प्रतीची एमपी३ गाणी आणि विशेष म्हणजे कुलूप नाही. डेटाप्लेच्या वेळची चूक सुधारलेली होती. कार्ड वाजवणारी यंत्रे कोट्यवधी खिशांत आधीपासून होती. तरीही ही योजना चालली नाही, कारण तोवर गाणे विकत घेण्यासाठी वस्तू घेण्याचीच गरज संपत आली होती. गाणे इंटरनेटवरून सुटे मिळत असताना एका कलाकाराच्या दहा गाण्यांसाठी एक वेगळे कार्ड कोण सांभाळणार? मी ज्या दोन कसोट्या वर सांगितल्या त्या दोन्ही उत्तीर्ण होऊनही एखादे माध्यम उशिरामुळे वाया जाऊ शकते, एवढी पुरवणी या उदाहरणामुळे माझ्या म्हणण्याला जोडावी लागते.

मग जुनी रेकॉर्ड परत कशी आली?

चार इंची तबकडीचे समर्थक हाच मुद्दा पुढे करतील आणि आकडे त्यांच्या बाजूचे दिसतील. अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले, आणि २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड खपल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. परंतु त्याच २०२२ मध्ये तेथील ध्वनिमुद्रित संगीताच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे ८४ टक्के उत्पन्न इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या संगीताचे होते. म्हणजे रेकॉर्डने फोनची जागा घेतलेली नाही. लोक ऐकतात फोनवर, आणि आवडत्या कलाकाराची आठवण म्हणून रेकॉर्ड घरात ठेवतात. ती घेणाऱ्यांपैकी काहींकडे वाजवायचे यंत्रही नसते.

टायनी व्हिनाईलला मी याच रांगेत बसवतो. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात एक अंगभूत अडचण आहे. ती आणि मोठी रेकॉर्ड, दोन्ही मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे या एकाच ठरावीक गतीने फिरतात. बारा इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला त्या गतीत सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, तर चार इंची तबकडीच्या कडेला तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच. तेवढ्याच आवाजाला कमी लांबीच्या खाचेत कोंबावे लागल्यामुळे बारीक, तीव्र स्वर मंदावतात. मोठ्या रेकॉर्डवरही शेवटचे, मधल्या भागातले गाणे थोडे दबलेले वाटते ते यामुळेच. छोट्या तबकडीचा तर सगळाच भाग तो मधला भाग आहे. शिवाय तबकडी खिशात मावली तरी रेकॉर्ड प्लेअर खिशात मावत नाही, त्यामुळे तिला सोबत नेण्याजोगे माध्यम म्हणणे मला थोडे धाडसाचे वाटते. जत्रेतून आणलेली शोभेची वस्तू म्हणून ती चालेल आणि कदाचित चांगली चालेल. सारंगखेड्याच्या यात्रेत उद्या कोणी कानबाईच्या गाण्याची अशी तबकडी विकायला ठेवली, तर मीही एक घेईन.

आणि प्रयोगशाळेतील त्या अफाट तबकड्यांचे काय?

शांघाय येथील संशोधकांनी २०२४ मध्ये डीव्हीडीएवढ्या तबकडीत शंभर थरांवर लिहून सुमारे दोन लाख जीबी माहिती साठवण्याचा मार्ग जाहीर केला. ही अडीच लाखांहून अधिक सीडींची माहिती झाली. विज्ञान म्हणून ते थक्क करणारे आहे. मात्र त्याचा रोख मोठ्या माहितीकेंद्रांतील दीर्घकालीन साठ्याकडे आहे; एका माणसाच्या गाण्यांसाठी एवढ्या जागेची गरज नाही, आणि ज्याची गरज नाही त्यासाठी घराघरांत नवे यंत्र येणार नाही.

घरातल्या संग्रहाचे काय करावे?

नव्या तबकडीची वाट पाहत थांबू नये, हे एवढ्यावरून उघड आहे. जुन्या कॅसेट आणि घरी लिहिलेल्या सीडी यांना काळाची खरी भीती आहे. घरच्या संगणकावर लिहिलेल्या सीडीत खळगे नसतात. तिच्यातील रंगद्रव्याचा थर लेसरने जाळून खुणा केलेल्या असतात आणि ऊन व उष्णता यांमुळे तो थर फिका पडतो. म्हणून लग्नाच्या आणि घरगुती कार्यक्रमांच्या सीडी, व्हीसीडी आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात; ते काम काही मिनिटांचे असते. कॅसेटचे काम सावकाश होते, कारण साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. यंत्राचे हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसून घ्यावे, कॅसेट एकदा टोकापर्यंत पळवून परत आणावी, म्हणजे अनेक वर्षे एकाच जागी दाबली गेलेली फीत मोकळी होते, आणि त्यानंतरच नोंद सुरू करावी. मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवू नये. संक्षेपणात एकदा वगळलेले परत आणता येत नाही, म्हणून वेव्ह किंवा फ्लॅक या काहीही न वगळणाऱ्या प्रकारात ती जपावी आणि फोनवर ऐकण्यासाठी हवी तर वेगळी एमपी३ काढावी. दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, आणि पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात यांपैकी एकही नसावी.

चित्रपटगीतांच्या कॅसेटची घाई करण्याचे कारण नाही, कारण ती गाणी कुठे ना कुठे चांगल्या स्थितीत उपलब्ध आहेत. आधी घ्याव्यात त्या अशा कॅसेट, ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही: आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची रात्र, कोणा स्थानिक गायकाने थोड्याच प्रती काढून विकलेली अहिराणी गाणी. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळत असेल तर तो आजच ताब्यात घ्यावा, कारण फितीच्या आधी यंत्राचा रबरी पट्टा निकामी होतो आणि तो बदलून देणारे कारागीर आता तालुक्याच्या ठिकाणीही शोधावे लागतात.